ओकायामातल्या फिरवलेल्या वहाणा

मी जपानावर चोपडं आधी लिहिलं आणि जपान नंतर पाहिला. हा क्रम उलटा आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. चोपडं पुण्यात छापून घेतलं होतं आणि बार्शीच्या वाटेनं गाडीतल्या कडब्याखाली दडवून आणलं होतं, कारण निजामसरकारच्या हद्दीत असला माल उघड्यावर आणता येत नाही. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की, जपान्यांनी परदेशी वस्तूला दारात उभं केलं नाही, म्हणूनच त्यांनी रशियासारख्या राक्षसाला लोळवलं. आता जाऊन आलो आहे. घाटनांदुरात आमच्या दुकानाच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी विचारतं, "मंग काय मन्मथा, तितं समदं तुज्या चोपड्यावाणीच हाय ना?" मी बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. म्हणून ते उत्तर इथं लिहून पाहतो. लिहिताना तरी सापडेल.

जाण्याचं कारण धारूरच्या बाजारात घडलं. तिथं आम्ही परदेशी कापडाची होळी केली, मी घसा बसेपर्यंत बोललो, लोकांनी टाळ्या दिल्या. टाळ्या थांबल्यावर म्हादबा साळी उभे राहिले. वयानं वडिलांपेक्षा मोठे, धारूरच्या साळी आळीत त्यांचा शब्द चालतो.

"कापड जाळलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "आता आमच्या मागावरचं धोतर कोन घेनार त्ये सांग. गिरणीच्या धोतराम्होरं आमचं महाग पडतंय. पोरगं सोलापूरला गिरणीत जायला निगालंय. गठुडं बांदून बसलंय घरात."

पोरगं म्हणजे त्यांचा मुलगा खंडू, माझ्याच वयाचा, हाताचा फार साफ विणकर. मी तिथल्या तिथं, भर बाजारात सांगून टाकलं की जपानात पायानं चालणारे जलद लाकडी माग निघाले आहेत, मी स्वतः जातो आणि तिथल्या कारखान्यात खंडूला शिकायला जागा मिळवून आणतो. त्या शब्दावर खंडूनं गठुडं सोडलं. म्हादबा एवढंच म्हणाले, "संक्रांतीपतूर वाट बगतो. मंग सोलापूर."

होळीनंतर चौकशीला एक हवालदार घाटनांदुरात आला. आमच्या ओट्यावर बसला, पान खाल्लं, दुसरं मागितलं, हलेना. तेव्हा माझे वडील शांतपणे उठले, खाली उतरले आणि त्याच्या चढावांची तोंडं पायानं रस्त्याकडं फिरवून परत गादीवर येऊन बसले. आमच्या घरची ही जुनी रीत. ओट्यावरचा माणूस नकोसा झाला की वडील तोंडानं काही बोलत नाहीत, त्याची पायताणं फिरवतात. साऱ्या गावाला ठाऊक आहे. हवालदारालाही कुणीतरी सांगितलं असावं, तो उठला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, पुढं लागेल.

न्यायला मामा तयार झाले. शिवाप्पा मामा, धर्मापुरीचे, बांगड्या, छत्र्या, कंदील यांचे व्यापारी. त्यांच्या मुंबईच्या अडत्यानं जपानात कोबे बंदरावर माणूस बसवला होता आणि माल कुठून येतो हे मामांना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणजे मी परदेशी मालाच्या विरुद्ध शपथ घेतलेला, आणि मला घेऊन जाणारा परदेशी माल भरायला निघालेला. मी हे मामांना सुनावलं.

"तुजी शपथ तुज्यापाशी," मामा म्हणाले. "बोटीत तिला जागा लागत न्हाई."

स्टेशन आणि उतारा

बोटीबद्दल लिहीत नाही. मामा सारा वेळ आडवे होते आणि मी त्यांच्या शेजारी. कोबेहून आगगाडीनं पश्चिमेला गेलं की ओकायामा लागतं. भाताची कापणी चालली होती, पेंढ्या दांड्यांवर उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या. अंगणांतल्या झाडांची पानं झडून गेलेली आणि फांद्यांना नुसती केशरी फळं लगडलेली. चाखल्यावर कळलं, आपल्या बालाघाटातल्या टेंभुर्णीची ही गोरी, थोरली बहीण.

स्टेशनावर सेइजी घ्यायला आला होता. माग बनवणाऱ्या ओकामोतो नावाच्या कारखानदाराचा हा पुतण्या, कॉलेजात शिकणारा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. कोबेच्या माणसानं त्याला आधी कळवलं होतं. तो कमरेत वाकला. मामांनी हात जोडून "शरणार्थ" केलं. तो पुन्हा वाकला, म्हणून मामांनी पुन्हा हात जोडले. हे कुठं थांबवायचं ते दोघांनाही उमगेना. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही उसनी. तरी सहा दिवस आमचा सारा व्यवहार त्या एकाच काठीवर चालला, आणि ती काठी इंग्रजांची हे मला रोज टोचत राहिलं.

बाहेर माणसानं ओढायच्या गाड्या उभ्या होत्या. माणसानं माणसाला ओढणं हे मी चोपड्यात इंग्रजांच्या पापांत धरलं होतं. मी बसायचं नाकारलं. मामा एका गाडीत चढून बसले. माझा गाडीवाला आधी समजला की आसन मळलं आहे, त्यानं ते झटकलं. मग समजला की मला शाल हवी आहे, त्यानं ती आणली. मी पायी चालू लागलो तसा तो रिकामी गाडी घेऊन माझ्या शेजारून चालू लागला.

"पाय उचल बे," मामा पुढून ओरडले. "तुज्या दयेपायी त्यो गडी रडायला आलाय."

उताऱ्यापाशी त्या माणसानं माझ्याकडं फार पडेल चेहऱ्यानं पाहिलं. मी त्याच्या बाजूनं उभा होतो, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

उतारा म्हणजे आमच्या मुक्कामाचं घर, लाकडाचं आणि कागदाचं. वहाणा दारात सोडायच्या, आत सगळीकडे चटया. आम्ही टेकतो तोच एक पोलीस शिपाई आला. परदेशी माणूस उतरला की विचारपूस करायची अशी तिथली पद्धत. सेइजीनं त्याचा प्रश्न मला सांगितला, "तुम्ही कोणाची प्रजा?"

मी म्हणालो, हिंदुस्थानची. शिपायाला अशा नावाचा राजा ठाऊक नव्हता.

"निजामसरकारची रयत म्हन," मामांनी सुचवलं. तोही राजा त्याला ठाऊक नव्हता.

"ब्रिटिश?" सेइजीनं भीत भीत विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हणालो.

शिपाई, सेइजी आणि उताऱ्याची मालकीण गुडघ्यांवर बसून वाट पाहत राहिले. शेवटी मालकीणच हळूच म्हणाली, "तेन्जिकु." त्याबरोबर सगळ्यांच्या माना हलल्या, शिपाई समाधानानं निघून गेला. बुद्ध जिथं जन्मले त्या मुलुखाचं हे जपान्यांचं जुनं नाव. मामांना ते पटलं. इंग्रजांच्या खात्यावर पडण्यापेक्षा मलाही ते बरं वाटलं. पण ज्याच्याविषयी मला शाळेतल्या धड्यापलीकडं काही येत नाही त्याच्या गावचा माणूस म्हणून मी त्या शहरात वावरणार होतो, आणि हे पुढं महागात पडलं.

बाग आणि काळा किल्ला

शहरातून नदी वाहते. तिच्या एका काठाला किल्ला आणि पलीकडं जुन्या सरदारांची बाग. किल्ला काळाकुळकुळीत लाकडाचा, मजल्यावर मजला चढवलेला. आमच्या धारूरच्या किल्ल्यासमोर हा उभा केला तर एका पेटत्या बाणात राख होईल, असं मी म्हणालो. सेइजीनं नम्रपणे सांगितलं की अजून तरी झालेली नाही. धारूरचा दगडी किल्ला कुणाकुणाच्या हातात गेला ते आठवून मी विषय बदलला.

बागेत मला फुलं दिसतील असं वाटलं होतं. फुलं जवळजवळ नव्हतीच. तळं, गवताच्या टेकड्या, पिंजऱ्यात करकोचे आणि मधोमध भाताचं शेत. खरोखरीचं शेत, कापून ठेवलेलं. शेजारी चहाची झुडपं.

"ह्ये कावून?" मामांनी विचारलं.

सेइजी म्हणाला, पूर्वीचे सरदार इथं बसून शेत पाहत.

"शेत बगाया बाग कशाला लागती?" मामा म्हणाले. "धर्मापुरीत ये म्हनावं. फुकट दावतो."

मला मात्र राग आला. पिकवणारा चिखलात आणि मालक बागेत बसून ते पाहतो, या विषयावर मी तिथंच एक परिच्छेद मनात रचला. मग पाहिलं तर त्या शेताच्या बांधावर एक म्हातारा आणि त्याची म्हातारी डबा सोडून जेवत बसली होती, साधी कुणबी माणसं, शेत बघायलाच आलेली. बोट दाखवून पिकावर काहीतरी बोलत होती. परिच्छेद अर्धाच राहिला.

बाजार

बाजारपेठ लांबलचक, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं. भाव ठरलेले, घासाघीस नाही. मामांना हे समजावण्यात सेइजीची अर्धी सकाळ गेली.

"येक भाव? मंग बोलायचं काय दुकानात?" मामा म्हणाले. त्यांनी बोटं दाखवून निम्मा भाव सांगितला, दुकानदार हसून वाकला, मामांनी थोडा वाढवला, तो आणखी खाली वाकला. शेवटी मामांनी पूर्ण भावात घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "लई कसलेला गडी हाय. येक शब्द न बोलता मला वर चढिवलं." घेतलेली वस्तू दुकानदार कागदात सुबक बांधून देई, आणि मामा ती त्याच्यादेखत सोडून तपासत. दुकानदार ती पुन्हा बांधी.

मी काही घेत नव्हतो. हात मागं बांधून चालत होतो. एका दुकानात बांगड्या मांडल्या होत्या, त्याच, ज्या आमच्याकडं परळीच्या जत्रेत मिळतात. त्यांच्या शेजारी काड्यांच्या पेट्यांची चळत होती. वरच्या पेटीवर चित्र होतं: महादेव, जटेत चंद्र, शेजारी नंदी, नंदीचा एक डोळा जरा मोठा.

त्या नंदीला मी ओळखत होतो. धारूरच्या बाजारात परदेशी कापडाची होळी मी ज्या पेटीतल्या काडीनं पेटवली, तिच्यावरचा हा नंदी. महादेवाचं चित्र म्हणजे पेटी देशी, यात शंका कशाची घ्यायची?

सेइजी अभिमानानं म्हणाला, "हा माल खास तुमच्या देशासाठी बनतो. तुमचे देव छापले की तुमच्याकडं खपतो."

मी मामांकडं पाहिलं. मामा गालातल्या गालात हसत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माज्याच दुकानातली की ती पेटी," मामा म्हणाले. "तू मागितलीस, मी दिली. तू म्हनलास मामा, होळीचं हाय, पैकं घेऊ नका. घेतलं न्हाईत."

माझी शपथ परदेशी मालाविरुद्ध. जपान परदेश. पण जपान तर आपला, आशियातला, गोऱ्याला हरवणारा, माझ्या चोपड्याचा नायक. मग त्याची काडी आपली की परकी? मँचेस्टरचं धोतर जपानच्या काडीनं जाळलं तर पुण्य किती आणि पाप किती? हे मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "भूक लागलीय."

शेजारच्या दुकानात किबीदांगो नावाची गोड, लहान गोळी मिळाली, तिथली प्रसिद्ध. वरईच्या जातीच्या बारीक धान्याच्या पिठाची, रबरासारखी ओढणारी. मामांनी विचारून खात्री केली की यात जीव नाही, मग एकामागून एक खाल्ल्या आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर घरचं माणूस भेटल्याचं समाधान दिसलं.

खात्री करण्याचं कारण असं की आदल्या संध्याकाळी घोटाळा उघड झाला होता. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, मांसमच्छी वर्ज्य. उताऱ्यावर आम्ही भात, मुळ्याचं पिवळं लोणचं, खरवसासारखा पांढरा डाळीचा पदार्थ आणि एक पातळ कढण एवढंच घेत होतो. कढण मामांना फार आवडलं, ते वाटीला वाटी मागत. मग सेइजीनं सहज सांगितलं की त्याला चव येते ती सुक्या मासळीच्या पाण्यानं. मामांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"ठावं नव्हतं तवा ग्येलं ते ग्येलं," ते म्हणाले. "आता ठावं झालं. वाटी उचल."

त्यानंतर आम्ही घरून आणलेल्या कडक भाकरीचे उरलेले तुकडे आणि कारळाची चटणी भाताबरोबर खात राहिलो.

ओकामोतोंचा कारखाना

ओकामोतो पन्नाशीचे गृहस्थ, अंगात जपानी झगा आणि डोक्यावर इंग्रजी गोल टोपी. ही टोपी पाहूनच माझं डोकं फिरलं. कारखान्यात वीसेक माग चालू होते, लाकडाचे, पायानं दाबायचे. दाबला की आडवं सूत नेणारा धोटा आपोआप पळतो, हात मोकळे. खंडू इथं बसला तर काय करील हे मला डोळ्यांपुढं दिसलं.

मग त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. तिथं चौरंगासारख्या ओट्यावर एक लोखंडी माग होता, पुसून लखलखीत, वर लिहिलेलं इंग्रजीत. लँकेशायरचा, म्हणजे मँचेस्टरच्याच मुलुखाचा.

"हा आमचा गुरू," सेइजीनं काकांचं बोलणं सांगितलं. "काकांनी विकत घेतला, सगळा सुटा केला आणि लाकडात उतरवला."

मी म्हणालो, माझ्या देशात मी लिहिलं आहे की तुम्ही परदेशी वस्तू दारात येऊ देत नाही.

ओकामोतोंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खंडूचा विषय काढला. साळ्यांच्या आळीचा, सोलापूरच्या गठुड्याचा, संक्रांतीचा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उद्या दुपारी आमच्या घरी जेवायला या, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर सेइजीनं समजावलं की काका परक्या माणसाला कारखान्यात घेण्याआधी त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्याला घरी बसवून बघतात. कारखान्यातले शिकाऊ त्यांच्याच घरात राहतात, काकांच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, हातचं जेवतात. आजीचं मन बसलं तर काम झालं.

वहाणा

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दारात वहाणा सोडल्या, आत बसलो. मी मांडी घातली, बाकी सारे गुडघ्यांवर. ओकामोतोंची आई आली, पाठीत वाकलेली, केस पांढरेशुभ्र. तेन्जिकुची माणसं म्हणून तिनं आमच्यापुढं चटईला कपाळ टेकलं. मी गडबडून मागं सरकलो. आमच्यासाठी तिनं देवळातल्या साधूंसाठी करतात तसं, मासळीचं पाणी न लावलेलं जेवण स्वतः रांधलं होतं. सेइजीनं तसं सांगितल्यावर मामांनी सुखाचा सुस्कारा टाकला.

ताटं येत होती. मी जिथं बसलो होतो तिथून दरवाजा सरळ दिसत होता. म्हातारी हळूहळू दारापाशी गेली, खाली बसली. तिनं माझ्या वहाणा हातात घेतल्या, फडक्यानं पुसल्या आणि उलट फिरवून त्यांची तोंडं रस्त्याकडं करून ठेवल्या. मग मामांच्याही तशाच.

म्हणजे आम्हाला हाकलत होते. ताट पुढ्यात येण्याआधीच. आणि तेही एका म्हाताऱ्या बाईच्या हातून, जिनं माझी पायताणं शिवणं हेच मला मेल्याहून मेल्यासारखं. मला वाटलं, काल मी लँकेशायरवर बोललो ते ह्यांना झोंबलं, म्हणून घरी बोलावून ही शोभा.

मी उठलो. उसन्या इंग्रजीत म्हणालो, "ही भाषा आमच्याकडेही समजते. जेवू घालण्याआधी हाकलायचं होतं तर बोलावलं कशाला?"

"बस बे," मामा म्हणाले. "काय झालं?"

"वहाणा फिरवल्या त्यांनी."

मामांनी दाराकडं पाहिलं. मग ताटाकडं पाहिलं. "फिरवू दे. माजं जेवन व्हायचंय," ते म्हणाले आणि बसून राहिले. मी वहाणा चढवून रस्त्याला लागलो. मागं म्हातारी दारात तशीच बसलेली होती, हातात फडकं.

रागात मी भराभर चाललो. एका न्हाव्याच्या दुकानावरून गेलो. दार उघडं होतं, आत गिऱ्हाईक डोकं पुढं करून बसलेलं. दारात त्याच्या लाकडी खडावा, तोंडं रस्त्याकडं. पुढं एक देऊळ होतं. पायऱ्यांखाली जोड्यांची रांग, सगळी तोंडं बाहेर, आणि एक पोरगी नव्यानं आलेल्याचे जोडे फिरवून रांगेत लावत होती. एवढ्या सगळ्यांना देवळातून हाकलत होते काय? मी तिथं थांबलो. मग उतारा आठवला. रोज सकाळी माझ्या वहाणा दारात अशा तयार असत की पाय सरकवला की रस्ता. मी रोज तसाच पाय सरकवून निघालो होतो आणि एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं. माणूस निघताना त्याला वळावं लागू नये, वाकावं लागू नये, म्हणून हे लोक पायताणं आधीच फिरवून ठेवतात.

मी परत फिरलो. म्हादबांना काय सांगू? तुमच्या पोराची जागा मी वहाणांपायी घालवली?

ओकामोतोंच्या घरापाशी मामा दारातच भेटले, तोंड पुसत. "म्हातारी रडली," ते म्हणाले. "सेइजीनं खुना करून सांगितलं, तिला वाटलं तेन्जिकुच्या मानसाच्या पायतनांना आपला हात लागला, त्येचा विटाळ झाला म्हनून तू ग्येलास. म्या लई समजावलं. मराटीत."

आत ओकामोतो खाली मान घालून बसले होते. सेइजीचा चेहरा उतरला होता. म्हातारी कोपऱ्यात. दारात तिचे गवती जोडे होते, आत तोंड करून, घाईनं काढलेले. मी खाली बसलो, माझ्या उपरण्यानं ते पुसले आणि फिरवून रस्त्याकडं तोंड करून ठेवले. मला म्हणायचं होतं, कळलं मला.

म्हातारी उठून आली. जोड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तिनं आतून शाल मागवली, ती पांघरली, जोडे घातले आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली.

"आजी विचारतेय," सेइजी गोंधळून म्हणाला, "तुम्ही तिला कुठं नेणार आहात?"

मी कुठंच नेणार नव्हतो. पण ती वाट पाहत उभी होती.

"आता ने कुटं तरी," मामा म्हणाले. "फिरवलंस तू."

म्हणून मी तिला नेलं, म्हणजे तिनंच मला नेलं, कारण मला गाव ठाऊक नव्हतं. मगाच्याच देवळात गेलो. तिच्या चालीनं जायला पुष्कळ वेळ लागला. मागून ओकामोतो, सेइजी, मामा, सारं घर. बुद्धाच्या मूर्तीसमोर तिनं मला पुढं केलं आणि विचारलं, तुमच्या गावाहून त्यांचं जन्मस्थान किती लांब? आपल्याच देशात मी पुण्या-मुंबईपलीकडचं धड काही पाहिलेलं नाही. खरं सांगितलं की मी गेलो नाही. ती हसली, दात नसलेलं हसू. मीही समुद्र पाहायला अजून गेले नाही, म्हणाली, आणि तो तर इथून जवळ आहे. परतताना तिनं माझा दंड धरला होता.

ओकामोतो दाराशी वाकले, पण खंडूविषयी एक शब्द बोलले नाहीत. मी सेइजीला विचारलं, हे हो की नाही? तो म्हणाला, मलाही नक्की सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनावर म्हातारी आली. तिनं कागदात सुबक बांधलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं. मामांनी सवयीनं तिच्यादेखत सोडलं. आत गवताचे नवे जोडे, पुरुषी मापाचे.

"माझ्यासाठी?" मी विचारलं.

सेइजीनं आजीला विचारलं आणि एकदम वर पाहिलं. "नाही. जो येणार आहे त्याच्यासाठी. काका म्हणतात, येताना हेच घालून यावं."

गाडी हलल्यावर मामांनी जोडे उलटेपालटे करून बघितले. "परदेशी माल हाय बे," ते म्हणाले. "शपथेचं काय?"

मी जोडे त्यांच्या हातातून घेतले आणि पुन्हा कागदात बांधले. आता चोपडं पुन्हा छापायचं आहे आणि लँकेशायरच्या त्या पुसून ठेवलेल्या मागाचं त्यात काय करायचं हे मला कळत नाही.

धारूर

संक्रांतीच्या आत धारूरला पोचलो. म्हादबांचं घर किल्ल्याच्या वाटेवर, दारातच माग. मी सगळं सांगितलं. म्हादबा मधे एकदाच बोलले, "खायाला घालत्याल ना?" मी म्हणालो, म्हातारी स्वतः घालते. त्यांनी मान डोलावली. खंडूनं जोडे पायाला लावून पाहिले, टाचा बाहेर येत होत्या. चालतंय, म्हणाला.

खंडू निघाला त्या सकाळी मी त्याला बार्शीपर्यंत पोचवायला आलो होतो. गाडी जुंपलेली. तो आत देवापुढं होता. मी शिकून आलो होतो म्हणून दारातले ते गवती जोडे उचलले, पुसले आणि रस्त्याकडं तोंड करून ठेवले.

म्हादबा ओट्यावरून उतरले. आमच्या ओट्यावर ते कितीदा बसलेले, वडिलांची रीत त्यांना चांगली ठाऊक. "ह्ये काय करतूस?" ते म्हणाले. "हाकलतूस व्हय पोराला माज्या घरातनं?"

"न्हाई म्हादबा. तितली रीत हाय. जानाऱ्याला सोपं जावं म्हनून."

त्यांनी ऐकून घेतलं. मग वाकले, कमरेला हात देऊन, आणि जोडे परत फिरवून घराकडं तोंड करून ठेवले.

"त्याला सोपं कशाला जायला पायजे?" ते म्हणाले.

खंडू बाहेर आला. जोडे तसे होते म्हणून त्याला ते घालायला उंबऱ्याबाहेर उतरून वळावं लागलं. रस्त्याकडं पाठ आणि घराकडं तोंड करून तो उभा राहिला, बापाच्या अगदी समोर, आणि एकेक पाय आत सरकवू लागला. टाचा बसेनात. बराच वेळ लागला.